तुरीचा व्यापार, वऱ्हाडातील

अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाड प्रदेशात पिकणाऱ्या तुरीची खरेदी-विक्री, तिची प्रत ठरविण्याच्या पद्धती आणि तिच्या किंमतीवर परिणाम करणारे घटक यांचा समावेश या व्यवहारात होतो. तूर (केजॅनस केजन, कुल–लेग्युमिनोजी) हे येथील कोरडवाहू शेतीतील प्रमुख कडधान्य असून कापूस व सोयाबीन यांच्या खालोखाल रोख पैसा देणारे पीक म्हणून शेतकरी तिच्याकडे पाहतात. जगातील तुरीचे सर्वांत मोठे उत्पादन व सर्वांत मोठा खप भारतातच आहे, आणि देशात महाराष्ट्र व कर्नाटक ही राज्ये या पिकात अग्रेसर आहेत. त्यामुळे अकोल्याच्या बाजारातील भावाकडे देशभरच्या डाळ व्यापाऱ्यांचे लक्ष असते. तथापि हा भाव अकोल्यात उच्चारला जात असला, तरी तो केवळ अकोल्यात ठरत नाही. आणि दाण्याची प्रत सुधारण्यासाठी शेतकऱ्याने घेतलेल्या श्रमांचे मोल त्याला त्या भावातून क्वचितच पूर्णपणे मिळते.

पीक व दाणा : वऱ्हाडात तूर सहसा सलग पेरीत नाहीत. पूर्वी कापूस व ज्वारी यांच्या काही ओळींनंतर तुरीची एखादी ओळ घालीत; १९९० नंतर सोयाबीनचा प्रसार झाल्यावर सोयाबीन व तूर ही जोडी सर्वत्र रूढ झाली. याच काळात मूग व उडीद यांचे क्षेत्र मात्र आक्रसले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीवरील बागायत कठीण असते. तेथील खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर तूर व हरभरा ही पिके भागतात. तुरीचे सोटमूळ खोल जात असल्यामुळे पाऊस संपल्यावरही ती तग धरते.

जूनच्या अखेरीस वा जुलैत पेरलेली मध्यम मुदतीची तूर डिसेंबर-जानेवारीत कापणीस येते. तिच्या दाण्याची प्रत बहुतांशी शेवटच्या दोन महिन्यांत ठरते. फुलोऱ्यात ढगाळ हवा व धुके राहिल्यास फुले गळतात. शेंग भरताना जमिनीतील ओल संपल्यास दाणा बारीक व सुरकुतलेला निपजतो. घाटेअळी शेंगेला भोक पाडून दाणे खाते, तर शेंगमाशीची अळी शेंगेच्या आत राहून दाणा पोखरते. बाहेरून शेंग निरोगी दिसते आणि मळणीनंतरच हानी ध्यानात येते. मर व वांझ या रोगांनी झाडे वाळतात किंवा त्यांना शेंगाच धरत नाहीत. या रोगांना प्रतिकार करणारे वाण निपजविणे हे संशोधनाचे एक मोठे उद्दिष्ट राहिले आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मारुती व आशा हे वाण, मराठवाड्यातील बदनापूर केंद्राचे बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ व बीडीएन ७११ हे वाण आणि १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही तारा हा वाण हे या प्रयत्नांतील काही होत. त्यांपैकी बीएसएमआर ८५३ व बीडीएन ७११ यांचा दाणा पांढरा असून मारुती, आशा व बीएसएमआर ७३६ यांचा लालसर आहे. वऱ्हाडच्या बाजारांत मुख्यत्वे लाल तूरच येते.

बाजारांचा इतिहास : ब्रिटिशांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार हाती घेतला. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर अकोला व बडनेरा ही स्थानके मुंबईच्या निर्यात व्यापाराशी जोडली गेली. या व्यापाराचा कणा कापूस हा होता. १८८६ मध्ये कारंजा येथे स्थापन झालेला कापसाचा बाजार हा देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यानंतर १८९७ मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ करण्यात आला. या नावातील ‘धान्य’ हा शब्द लक्षणीय आहे. कारण बाजारांच्या नियमनाचा इतिहास सांगताना बहुधा कापसाचाच उल्लेख होतो. या कायद्याने बाजारासाठी जागा राखून देणे, तेथील दलाल व मापारी यांना परवाने देणे आणि अनधिकृत कपातींना आळा घालणे शक्य झाले. मात्र बाजार चालविणाऱ्या समितीत व्यापारी व नगरपालिका यांनाच स्थान होते. माल पिकविणाऱ्यांना नव्हते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा हा अनुभव गुणदोषांसह त्याच्यासमोर होता. शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेल्या समित्या प्रत्यक्षात आल्या त्या पुढील काळात. सध्याच्या बाजार समित्या १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियमानुसार चालतात. [→ कृषि उत्पन्न बाजार समिति].

लिलाव व पारख : जानेवारी ते मार्च हा आवकेचा ऐन हंगाम होय. अकोला, अमरावती, कारंजा, खामगाव, मलकापूर, वाशीम या बाजारांत शेतकरी ट्रॅक्टरने वा मालमोटारीने तूर आणतो, आणि अडत्याच्या दुकानासमोर किंवा समितीच्या ओट्यावर तिचा ढीग ओततो. खरेदीदार एका ढिगापासून दुसऱ्या ढिगाकडे जात बोली बोलतात. यास वऱ्हाडात हर्रास म्हणतात. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची जुनी हत्ता पद्धत बंद होऊन उघड बोली रूढ झाली, ही नियंत्रित बाजारांची मोठी कमाई मानावी लागेल. बोली तुटल्यावर मालाचे वजन होते आणि नियमाप्रमाणे त्याच दिवशी पैसे चुकते व्हावयाचे असतात.

एका ढिगाच्या वाट्याला मिनिटभराचाही वेळ येत नाही. तेवढ्यात खरेदीदार ढिगात हात खुपसून तळाचा दाणा वर काढतो, मूठ हलवून माती व काडीकचरा तळहातावर उरतो काय ते पाहतो, आणि एखाददुसरा दाणा दाताखाली फोडतो. तो कटकन फुटला तर माल वाळलेला, चेपला गेला तर ओलसर, असा ठोकताळा आहे. रंग एकसारखा आहे की दोन वाणांची सरमिसळ आहे, दाणे टपोरे आहेत की चिरमुटलेले, भोके पडलेली आहेत की काय, हे नजरेने टिपले जाते. अनुभवी खरेदीदाराची ही पारख पुष्कळदा अचूक असते. परंतु ती त्याच्यापुरतीच राहते. आपल्या मालाला शेजारच्या ढिगापेक्षा दोनशे रुपये कमी का मिळाले, ते ओलाव्यामुळे, कचऱ्यामुळे की बारीक दाण्यामुळे, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही आणि त्याच्या हातातील पावतीवरही लिहिलेले नसते. कारण न कळल्याने पुढील वर्षी नेमकी कोणती सुधारणा करावी हेही उमगत नाही. ओलावामापक व चाळणी ही साधने साधी व स्वस्त आहेत. पण लिलावापूर्वी प्रत्येक ढिगाचा नमुना तपासून निष्कर्ष फलकावर लावण्याची प्रथा अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय ऑनलाइन बाजार योजनेत अशी तपासणी अभिप्रेत आहे, कारण माल न पाहता दूरच्या गावाहून बोली लावणाऱ्यास तिच्यावाचून गत्यंतर नाही.

डाळ गिरणीच्या दृष्टीने प्रत : तुरीचा दाणा अखंड स्वरूपात फारसा खाल्ला जात नाही. हिवाळ्यात ओल्या शेंगांचे दाणे वऱ्हाडी घरांत आमटीत व भातात पडतात, तेवढाच अपवाद. उरलेली जवळजवळ सर्व तूर डाळ होऊनच स्वयंपाकघरात पोहोचते. म्हणून तुरीची किंमत म्हणजे वस्तुतः तिच्यातून निघणाऱ्या डाळीची किंमत होय, आणि अकोल्याचे महत्त्व तेथील डाळ गिरण्यांमुळे आहे.

तुरीच्या दाण्याचे टरफल आतील दलांना डिंकासारख्या थराने घट्ट चिकटलेले असते. हरभऱ्याच्या मानाने ते सोडविणे अवघड जाते. गिरणीत प्रथम माल चाळून दाण्याच्या आकारमानानुसार वेगळा करतात. नंतर एमरीच्या खरखरीत रोलरमधून काढून टरफलाला ओरखडे पाडतात, त्यावर थोडे खाद्यतेल चोळतात आणि माल अंगणात उन्हात किंवा यांत्रिक शुष्ककात वाळवितात. तेल ओरखड्यांतून आत शिरून डिंकाचा थर सैल करते. पुढे पाण्याचा हबका देऊन ढीग रात्रभर झाकून ठेवणे, पुन्हा वाळविणे व पुन्हा रोलरमधून काढणे या क्रिया आवश्यकतेनुसार दोनतीनदा कराव्या लागतात. टरफल निघालेल्या अखंड दाण्यास गोटा म्हणतात. तो फोडून दोन दले वेगळी केली की डाळ तयार होते.

तुरीच्या दाण्यात टरफलाचे प्रमाण वजनाने सु. १२ ते १५ टक्के असते. तेव्हा तत्त्वतः १०० किग्रॅ. तुरीपासून ८५ किग्रॅ.च्या आसपास डाळ मिळावयास हवी. प्रत्यक्षात ती सु. ७० ते ८० किग्रॅ. मिळते. मधली तूट घर्षणात दलांच्या कडा झिजणे, दाणे फुटून चुणी होणे आणि अंकुराचा भाग गळून पडणे यांमुळे येते. चुणी व टरफले जनावरांच्या खाद्यासाठी विकली जातात, पण त्यांचा भाव डाळीच्या मानाने फारच कमी असतो. चिरमुटलेल्या दाण्यात टरफलाचे प्रमाण अधिक आणि गर कमी असतो. ओलसर दाणा रोलरमध्ये चेपतो. दाणे लहानमोठे असतील, तर मोठे झिजतात व लहान न सोलता तसेच पुढे जातात. यासाठी एकाच वाणाचा, एकसारख्या आकारमानाचा माल गिरणीवाले पसंत करतात. पांढऱ्या दाण्याच्या तुरीला काही बाजारांत चढा भाव मिळतो, त्याचे एक कारण असे की, तिच्या डाळीवर टरफलाचा एखादा कण राहिला तरी तो डोळ्यांत भरत नाही.

या फरकाचे मोल उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ढिगापासून क्विंटलमागे ७० किग्रॅ. व दुसऱ्यापासून ७५ किग्रॅ. डाळ निघते आणि डाळीचा घाऊक भाव किग्रॅ.ला १०० रु. आहे असे मानल्यास, दुसऱ्या ढिगाच्या एका क्विंटलमागे ५०० रुपयांची डाळ अधिक मिळते. पहिल्या ढिगाची चुणी व टरफले यांचे अधिक उत्पन्न वजा केले, तरी हा फरक मोठाच राहतो. तो लिलावात शेतकऱ्याकडे किती आणि गिरणीकडे किती जातो, हे दोघांपैकी ज्याला हा उतारा अगोदर ठाऊक असतो त्याच्या बाजूने ठरते. आणि तो सामान्यतः गिरणीला ठाऊक असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली छोटी डाळ गिरणी ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ या नावाने ओळखली जाते. बचत गट व शेतकऱ्यांच्या कंपन्या यांनी ती अनेक ठिकाणी बसविली आहे. मोठ्या गिरणीइतका उतारा व झळाळी तीत मिळणे कठीण असले, तरी आपल्या तुरीतून डाळ किती निघते हे उत्पादकाला प्रत्यक्ष कळते, हा तिचा एक दुय्यम पण मोलाचा उपयोग होय.

तयार डाळ ‘फटका’, ‘सव्वा नंबर’ अशा व्यापारी नावांनी विकली जाते. फटका ही साफ, चकचकीत व वरची प्रत. झळाळी म्हणजे पोषण नव्हे, हे येथे नमूद करणे इष्ट. चकाकी आणताना दलांचा बाहेरचा थर काही प्रमाणात झिजतो. शिजण्याच्या गुणाला बाजारभावात स्वतंत्र स्थान नाही, वस्तुतः गृहिणीची परीक्षा तीच असते. उष्ण व दमट जागी दीर्घकाळ साठविलेल्या दाण्याची डाळ उशिरा शिजते. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रार मात्र पुष्कळदा डाळीची नसून पाण्यातील चुन्याच्या क्षारांची असते. लाखेची (लाखोळीची) डाळ दिसण्यात तूरडाळीशी जुळत असल्याने तिची भेसळ पूर्वापार चालत आली आहे. लाखेचा दाणा पाचरीसारखा कोनयुक्त असतो, त्यावरून ती ओळखता येते. [→ डाळी, लाख–२].

हमीभाव व प्रतनिकष : केंद्र शासन कृषी परिव्यय व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून तुरीची किमान आधारभूत किंमत जाहीर करते. ती २०१४-१५ मध्ये क्विंटलला ४,३५० रु., २०१६-१७ मध्ये बोनससह ५,०५० रु., २०२०-२१ मध्ये ६,००० रु., २०२३-२४ मध्ये ७,००० रु., २०२४-२५ मध्ये ७,५५० रु. आणि २०२५-२६ मध्ये ८,००० रु. होती. खरेदी ‘नाफेड’च्या वतीने होते, विदर्भात तिचे काम प्रामुख्याने विदर्भ सहकारी पणन महासंघ व त्याच्याशी संलग्न तालुका खरेदी-विक्री संघ करीत आले आहेत. शेतकऱ्याने सातबारा उतारा व पीकपेऱ्याची नोंद देऊन नाव नोंदवावयाचे, संदेश आल्यावर माल आणावयाचा, तो चाळणीतून निघाल्यावर व ओलावा तपासल्यावर मोजून द्यावयाचा, असा हा क्रम आहे.

या खरेदीत माल ‘सर्वसाधारण सरासरी प्रतीचा’ असावा लागतो. ओलावा १२ टक्क्यांपेक्षा, काडीकचरा व माती २ टक्क्यांपेक्षा आणि अपक्व व सुरकुतलेले दाणे ३ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. किडके व इजा झालेले दाणे यांच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. हे निकष स्पष्ट व मोजता येण्याजोगे आहेत, ही त्यांची जमेची बाजू. परंतु ते एका रेषेसारखे आहेत. रेषेखालचा माल परत जातो आणि रेषेवरच्या सर्व मालाला एकच भाव मिळतो. टपोरा, एकसारखा, ९ टक्के ओलाव्याचा दाणा आणि जेमतेम निकषात बसणारा दाणा यांत शासकीय काटा भेद करीत नाही. त्यामुळे ज्या वर्षी खुला बाजार हमीभावाच्या वर असतो, त्या वर्षी चांगला माल व्यापाऱ्याकडे जातो, आणि तो हमीभावाच्या खाली असतो त्या वर्षी सर्वच माल खरेदी केंद्राबाहेर रांगेत उभा राहतो.

२०१५ ते २०१७ : या व्यवस्थेची कसोटी या तीन वर्षांत लागली. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या अवर्षणांमुळे २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सु. २५.६ लाख टनांवर आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किग्रॅ.ला सु. २०० रुपयांपर्यंत पोहोचला. शासनाने साठ्यांवर मर्यादा घातल्या, आयात वाढविली आणि जुलै २०१६ मध्ये मोझँबीकशी करार करून २०१६-१७ मधील १ लाख टनांपासून पाच वर्षांत २ लाख टनांपर्यंत आयात नेण्याचे ठरविले. अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्ये कडधान्यांचे हमीभाव वाढविण्याची व २० लाख टनांचा संरक्षक साठा उभारण्याची शिफारस केली.

तोवर पेरण्या होऊन गेल्या होत्या. चढ्या भावाने आकर्षित होऊन शेतकऱ्यांनी तुरीचे क्षेत्र वाढविले होते; त्यात पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ मध्ये देशाचे उत्पादन सु. ४८.७ लाख टन, म्हणजे आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाले आणि त्यातील मोठा वाटा महाराष्ट्राचा होता. वऱ्हाडच्या बाजारांत भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरून चार हजारांच्या आसपास व त्याहूनही खाली आले. खरेदी केंद्रांवर बारदाना अपुरा पडला, गोदामे भरली, आणि बैलगाड्या व ट्रॅक्टर कित्येक दिवस रांगेत राहिले. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदीची मुदत संपली, तेव्हा पुष्कळ माल मोजावयाचा शिल्लक होता. उग्र प्रतिक्रियेनंतर राज्य शासनाने बाजार हस्तक्षेप योजनेखाली खरेदी पुढे चालू ठेवली. ज्यांना घरखर्चासाठी वा कर्जफेडीसाठी थांबणे शक्य नव्हते, त्यांनी आपला माल आधीच मिळेल त्या भावाने विकलेला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घालण्यात आली, आणि २००६ पासून असलेली डाळींची निर्यातबंदी त्याच वर्षी सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये उठली. दोन्ही निर्णय झाले, तेव्हा वऱ्हाडातील लहान शेतकऱ्यांची तूर विकली जाऊन काही महिने लोटले होते.

परदेशी तूर : आयात होणारी तूर मुख्यतः म्यानमार, मोझँबीक, टांझानिया व मालावी येथून येते. व्यापारात म्यानमारच्या तुरीस ‘लेमन’, टांझानियाच्या एका प्रकारास ‘अरुषा’ व मोझँबीकच्या तुरीस ‘गजरी’ म्हणतात. म्यानमारचे पीक भारताबरोबरच निघते. पूर्व आफ्रिकेचा माल मात्र साधारणतः सप्टेंबरपासून भारतीय बंदरांत उतरू लागतो. वऱ्हाडात तूर संपत येण्याचा व भाव चढण्याचा काळ हाच असतो. त्यामुळे ज्याने माल साठवून ठेवला त्याच्या अपेक्षेला आफ्रिकेच्या पिकाने लगाम बसतो. आफ्रिकेतील उत्पादकांचीही स्थिती निश्चिंत नाही, कारण त्यांच्या तुरीला भारताखेरीज मोठे गिऱ्हाईक नाही. २०१७ च्या आयातमर्यादेने मोझँबीकमधील शेतकऱ्यांचे भाव कोसळले. मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मुक्त करण्यात आली व ती सवलत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याच्या शुल्कमुक्त आयातीस परवानगी मिळाल्यावर स्वस्त पर्यायी डाळ बाजारात आली. २०२४ मध्ये क्विंटलला १०,००० रुपयांवर गेलेली तूर २०२५ च्या आरंभी नवा माल येताच ७,५५० रुपयांच्या हमीभावाजवळ व काही बाजारांत त्याखाली उतरली.

साठवण व तारण : काढणीनंतर लगेच विकण्याऐवजी माल राखून ठेवावा, हा सल्ला सोपा असला तरी तुरीच्या बाबतीत त्याला भुंगेऱ्यांची अडचण आहे. कॅलोसोब्रुकस प्रजातीचे हे कीटक उभ्या पिकातील शेंगांवरच अंडी घालू लागतात व दाण्याबरोबर घरात येतात. दाणा कडक उन्हात वाळवून ओलावा १० टक्क्यांच्या आत आणणे, त्याला राख वा तेल चोळणे, कणगीत कडुनिंबाचा पाला घालणे हे उपाय जुने आहेत. अखंड दाण्यापेक्षा डाळ भुंगेऱ्यांना कमी बळी पडते; म्हणून वर्षाची बेगमी उन्हाळ्यातच डाळ करून भरून ठेवण्याची घरोघरची रीत सयुक्तिक ठरते. राज्य कृषी पणन मंडळाच्या १९९०-९१ पासूनच्या तारण योजनेत शेतकऱ्याला बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द. सा. द. शे. ६ व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. जानेवारीच्या अखेरीस ठेवलेल्या तुरीची ही मुदत जुलैच्या अखेरीस, म्हणजे खरिपाच्या पेरण्या नुकत्याच आटोपलेल्या असताना आणि आफ्रिकेचा माल बंदरात येण्याच्या महिनाभर अगोदर संपते.